थांबून!

५ जानेवारी २०२५, रविवार

“थांबून! पाटी फुटली तर फुटली, माझी पोर शाळेत जाणार म्हणजे जाणार!”

चाळीस वर्षांपूर्वी आजीने हे वाक्य म्हटलं, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या आमच्या वस्तीत, जयंतीच्या स्टेजवर. मी तेव्हा तीन वर्षांची होते आणि तापाने फणफणून घरात पडले होते, म्हणजे मी ते ऐकलेलं नाही. पण इतक्या जणांनी इतक्या वेळा नक्कल करून दाखवली आहे की मला आजीचा वर गेलेला हातसुद्धा दिसतो.

आज ते आठवायला कारण झाला महेश, आमच्या विहाराचा सचिव. सकाळी बदलापूरला घरी आला, चहा घेतला आणि वही उघडून म्हणाला, “यशोधराताई, तेवीस फेब्रुवारीला जनाबाईंचा पहिला स्मृतिदिन. वंदना, दोन भाषणं, पुरीभाजी. हॉल सांगून ठेवलाय. तुम्ही फक्त फोटो मोठा करून आणा.”

मी म्हणाले, “आणि नाटक.”

“कुठलं नाटक?”

“‘पाटी फुटली’. आजीचं.”

म्हणून बसले. महेश गेल्यावर भानावर आले. नाटकाची वही दोन हजार पाचच्या पुरात गेली. ते लिहिणारे भगवान मास्तर त्याच्याही आधी गेले. मी अंबरनाथच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. फावल्या वेळात कथा लिहिते, त्यातल्या काही छापून येतात. नाटकाच्या वाटेला कधी गेलेली नाही.

पण भाषणांत आजी मावणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. भाषणात ‘समाजकार्याची तळमळ’ येईल, ‘कलेची आवड’ येईल. नळावर दोन भांडणाऱ्या बायकांच्या हंड्यांमध्ये उभी राहून “थांबून!” म्हणणारी आजी कशी येईल? त्या नाटकानंतर तो शब्द वस्तीचाच झाला. क्रिकेट खेळणारी पोरं बॉल हरवला की “थांबून!” ओरडायची. आजी मुलींची नावं शाळेत घालायला दारोदार फिरायची, आणि एखाद्या बापाने तोंड उघडलं की तिचा हात वर जायचा, “थांबून!” एकदा कुठल्याशा ऑफिसातल्या कारकुनाला ती असं म्हणाली. तो बिचारा इतका गोंधळला की त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वस्तीच्या नळाचा अर्जही घेतला.

‘थांब’ नाही, ‘थांबा’ नाही. थांबून. हुकूमही आहे आणि अदबही आहे. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला हे सुचावं! मी इतकी वर्षं लिहिते, माझ्या नावावर असा एक शब्द नाही.

आई गॅलरीत बसून सगळं ऐकत होती. नुसतं “पुरीभाजीला बटाटे आधी सांगा” म्हणाली.

८ जानेवारी, बुधवार

कॉलेजातून आल्यावर लिहायला बसले. पहिला प्रवेश जमला. कथा साधी आहे: सखूला मुलीला शाळेत घालायचंय, नवऱ्याला नाही, तो पाटी फोडतो. दुसऱ्या प्रवेशात सखू नवरा यायच्या आधी मुलीला काहीतरी सांगते, ते काही केल्या आठवेना. मी मोठ्याने म्हटलं, “सखू मुलीला काय बरं सांगते?”

गॅलरीतून आवाज आला, “चूल फुंकायला लागली की धूर डोळ्यात जातो, पुस्तक फुंकलं की धूळ जाते.”

मी गॅलरीत गेले. “आई, हे नाटकातलं आहे?”

“कुठलं?”

“आत्ता म्हणालीस ते.”

“मी कुठं काय म्हणाले? मी तर नाटक बघितलंपण नाही.” आणि मांडीवरची पँट उलटी केली.

आई अजूनही आठवड्यातून एकदा कॅम्प तीनला जाते आणि जीन्सचा गठ्ठा घेऊन येते. कारखान्यात पँट शिवून झाली की शिवणीला धागे लोंबत राहतात, ते छोट्या कटरने कापायचे. पूर्वी आजी आणि ती, दोघी मिळून हे काम करायच्या. आता खरं तर गरज नाही. मी किती वेळा सांगितलं. “हात रिकामे राहिले की मला सुचत नाही,” म्हणते. कारखान्याचा सिंधी शेठ तिला ‘अदी’ म्हणतो, म्हणजे ताई, आणि तेवढ्यावर ती खूश.

आजीच्या आठवणी सांगायच्या म्हटलं की मात्र हिचं तोंड बंद. मला कधीकधी वाटतं, सासू लोकांची होऊन गेली आणि घर सुनेच्या अंगावर पडलं, तो राग आईच्या मनात अजून असावा. असला तरी मी तिला दोष देणार नाही. आजी विहारात, आजी तालमीत, आजी कुणाच्या बाळंतपणात. मग आमच्या डब्यात काय असायचं ते कोण बघायचं?

बाबा गेल्यावर दोघी माझ्याकडे बदलापूरला आल्या तेव्हा आजी ऐंशीची होती. रोज चष्मा लावून अख्खा पेपर मोठ्याने वाचायची, जाहिरातींसकट. मजकुरात कंस आला की अडखळायची, तोंडावर हात धरून हसायची. मला वाटायचं, कवळी सैल झाली असेल.

१२ जानेवारी, रविवार

बदलापूर गावात जाऊन अनंताकाकांना भेटले. वय ब्याऐंशी. भगवान मास्तरांबरोबर एकाच कंपनीत कामाला होते आणि नाटकात ढोलकीला. ओट्यावर बसून पावटे सोलत होते.

“कोन गो तू?”

“जनाबाईंची नात.”

“अग बय! ये, बस. तुजे आज्जीसारखी बाय परत नाय व्हायची.” मग सुनेला हाक मारून चहा सांगितला आणि ओट्याच्या लाकडी खांबावरच बोटांनी ठेका धरला. “ती ‘थांबून’ बोलली ना, माझा हात ढोलकीवं तसाच ऱ्हायला. मास्तर विंगेत व्हता, त्यानी कपालाला हात लावला. मना वाटला खूश झाला.”

संवाद विचारले तर त्यांना ठेके आठवत होते, शब्द नाही.

“पाठांतर कसं करायची हो आजी?”

“तिला कवा वाचता येत व्हता? घरानच कोन तरी वाचून दाखवाचा.”

हे मला नवीन होतं. मी आजीला कायम वाचताना बघितलेलं. येताना रिक्षात विचार करत होते. भगवान मास्तरच घरी येऊन वाचून दाखवत असणार. किती कष्टाळू माणसं ही!

१५ जानेवारी, बुधवार

माझ्या लेकीने, जिज्ञासाने, सखूच्या मुलीची भूमिका करायचं कबूल केलं. सतरा वर्षांची घोडी आठ वर्षांची पोर होणार. “मम्मा, दोन वेण्या घालेन, पण रिबन नाही. रिबन म्हणजे फुल क्रिंज.”

तिने संवाद वाचायला घेतले. “सखू म्हणते, पाटी आण.” गॅलरीतून लगेच, “‘पाटी आण’ नाही. ‘तुझी पाटी आण’.”

जिज्ञासा म्हणाली, “माई, तुला येतं सगळं?”

“मला काय येतंय! कानावर पडलेलं.”

‘तुझी पाटी’ खरंच बरं वाटतं. बदल केला.

१९ जानेवारी, रविवार

पहिली तालीम, विहाराच्या मागच्या खोलीत. सखू करणार प्रीती. अंबरनाथला शाळेत शिकवते, आवाज खणखणीत. नवरा महेश. महेशला राग येत नाही, ही मोठी अडचण. त्याचा संवाद आहे, “पोरीच्या जातीला पाटी कशाला?” तो असा म्हणतो जणू पाटी कुठल्या साइझची देऊ विचारतोय.

“महेशभाऊ, चिडा ना जरा!”

“प्रीतीमॅडम, तुमच्या शाळेत माझी मुलगी आहे. तुमच्यावर कसा चिडू?”

शेवटी प्रीतीने त्याला सांगितलं की मी तुमच्या मुलीला गणितात नापास केलंय असं समजा. मग थोडा चिडला. पण पाटी आपटली तर ती टणकन उडून जिज्ञासाच्या पायावर गेली. प्लास्टिकची! हल्ली दगडी पाटी मिळतच नाही. कॅम्प तीनचा बाजार पालथा घातला. एक दुकानदार म्हणाला, “मॅडम, अब तो बच्चे का टॅब ही स्लेट है. तोडना है तो वो तोडो.”

नाटकाचं नाव ‘पाटी फुटली’, आणि आमची पाटी फुटत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

जेवताना पाटीचं रडगाणं गात होते. आई वाढता वाढता म्हणाली, “पाटी कोण फोडतंय? कौल फोडायचे. मंगलोरी कौल घ्यायचं, काजळी फासायची. आवाज तोच येतो.”

“तुला कसं माहीत?”

“काजळी कोण फासायचं? दर प्रयोगाला एक कौल. आत्याबाई म्हणायच्या, पाटी फोडायला आपण काय सावकार आहोत? पाटी शेवटी पोरीच्या हातात द्यायला लागते, ती अख्खी हवी.”

आत्याबाई म्हणजे आजी. मग उठून कपाटाच्या तळातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली दगडी पाटी काढली. लाकडी चौकट, एका कोपऱ्याला टवका. याच पाटीवर मी ग म भ न शिकले. पूर आला तेव्हा ती फळीवर होती आणि वही खाली होती, म्हणून वाचली. मी पाटी छातीशी धरून बसले. आईने फक्त “भात गार होतोय” म्हटलं.

ती पाटी इतकी वर्षं आजीने जपली, असंच मला वाटत होतं. ती आईच्या साड्यांच्या खाली का होती, कोण जाणे. जागा नसेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज भांडण झालं.

स्मृतिदिनाला निघणाऱ्या स्मरणिकेसाठी माझा लेख पूर्ण झाला. शीर्षक ‘थांबून : जनाबाईंनी घडवलेला शब्द’. मी स्वतःवर जाम खूश. आदर आणि आज्ञा एकाच शब्दात कशी येते, निरक्षर स्त्रीची भाषेवरची पकड, असं चार पानं. जिज्ञासाला वाचून दाखवत होते. आई गॅलरीतून आत आली. हातात कटर तसाच.

“ते छापू नको.”

“का?”

“आणि नाटकातनंपण तो शब्द काढ.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “आई, तो शब्द काढला तर नाटकात राहिलं काय?”

“बाकीचं सगळं राहतं. शिकलेली माणसं येणार, तुझ्या कॉलेजातली. छापलेलं वाचतील. हसतील त्यांना.”

“आजीला? आजीला कोण हसेल?” आणि मग मी बोलू नये ते बोलले. “तुला तिचं कौतुक कधी सहनच झालं नाही.”

आई दोन पावलं पुढे आली. मग माझ्या कुर्त्याच्या बाहीला एक धागा लोंबत होता, तो कापला आणि आत गेली.

लेख आजच महेशला पाठवणार होते. पाठवला नाही. का नाही, ते माहीत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आई बोलत नाही. भाजीत मीठ मात्र बरोबर आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संकट. प्रीतीचा आवाज बसला. बसला म्हणजे पार बसला, ढोलासारख्या आवाजाची बाई नुसती फुसफुसतेय. डॉक्टरांनी दहा दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं. रविवारला पाच दिवस.

संध्याकाळी तालमीला आली ती तोंडाला मफलर बांधून. आमची दगडी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘सॉरी’. मग पुसून लिहिलं, ‘वर्गात पोरं खूश आहेत’. महेश पोट धरून हसला आणि मग डोक्याला हात लावून बसला.

दुसरी कोण? महिला मंडळातल्या तिघींना विचारलं. एकीच्या घरी लग्न, एकीला पाठांतर होत नाही, तिसरी म्हणाली, “सखू करीन, पण महेशभावजींना उलट बोलायला जमायचं नाही.” मी स्वतः? मी प्रयत्न केला. घरी आरशासमोर “थांबून!” म्हटलं. आरशातली बाई कंडक्टरला थांबवतेय असं वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

महेशचा फोन. “ताई, शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर पत्रिकेच्या मेसेजमधून नाटक काढतो. वाईट नका वाटून घेऊ, भाषणं आहेतच. मीच एक अर्धा तास बोलेन.”

महेशचा अर्धा तास म्हणजे दीड तास.

एवढं वाईट का वाटतंय, याचा विचार केला. नाटक माझ्या हौसेचं असतं तर सोडून दिलं असतं. पण ज्यांनी आजीबरोबर स्टेजवर काम केलं ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. अनंताकाका ढोलकी घेऊन येणार आहेत, आठवडाभर बोटांना तेल लावतायत म्हणे. या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी कुणाला विचारायचं, आजी कशी बोलायची?

आणि आणखी एक. खरं सांगायचं तर मी आजीचा आवाज विसरत चाललेय. वर्षही झालेलं नाही. चेहरा आठवतो, हात आठवतो, आवाज काढायला गेले की माझाच येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे सगळं नीट लिहायला हवं, एकही शब्द न गाळता.

आज रजा टाकली होती. काही सुचेना, म्हणून दुपारी गॅलरीत आईशेजारी जाऊन बसले. गठ्ठा उद्या परत द्यायचा होता. मीही एक कटर घेतला. लहानपणी हे काम केलंय, बोटं निळी व्हायची. आम्ही दहा दिवसांनी अशा जवळ बसलो होतो. कट, कट, कट.

मग आई पुटपुटायला लागली. आधी मला वाटलं वंदना म्हणतेय. कान दिला तर सखू बोलत होती.

“तुझी पाटी आण. आणि अशी भिऊ नको.” कट. “बाप चिडला म्हणजे सूर्य उगवायचा थांबत नाही.” कट. नवऱ्याचे संवाद, मुलीचे, शेजारणीचे, सगळे. एका ओळीला एक धागा. मी माझा कटर हळूच खाली ठेवला. तो आवाज आजीचा होता. म्हणजे आईचाच, पण शब्द उचलायची ती पद्धत, ओळीच्या शेवटी तो किंचित वर जाणारा सूर. इतकी वर्षं मी त्याला आजीचा समजत होते.

नवरा पाटी फोडतो ती जागा आली. कटर थांबला. आईने माझ्याकडे बघितलं. मी तिथे आहे हे तिला तेव्हा कळलं असावं.

“म्हण ना पुढे.”

“काय?”

“थांबून.”

तिने पँट बाजूला ठेवली. “ते कंसातलं होतं गं.”

मला कळायला वेळ लागला. आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला आणि हसूही आलं, दोन्ही एकदम.

“मास्तर वही घरी देऊन जायचे,” आई म्हणाली. “आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. मी सातवी पास. दुपारी धागे कापायला बसायचो, वही समोर उघडी. मी वाचायची, त्या मागून म्हणायच्या. मास्तर कंसातलं, म्हणजे बोलताना काय करायचं ते, लाल शाईने लिहायचे. लाल आलं की सोडायचं, असं त्यांनी मला सांगितलेलं. शेवटचा प्रवेश दोन दिवस आधी लिहून दिला, तालीमपण झाली नाही. त्यांची लाल शाई संपली असणार. ते पान सगळं निळं. आमच्या शाळेत कंस फक्त गणितात. मी वाचलं सगळं. थांबून, पाटी फुटली तर फुटली.”

“मग?”

“मग काय! तुला ताप. मी घरात, तव्यावर भाकरी. भोंगा आपल्याच कोपऱ्यावर बांधलेला. त्यातनं आलं, ‘थांबून!’ आणि एकदम सगळं गप. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, मेले मी. आता हसतील. सासूला चारचौघांत हसं केलं. भाकरीचा कोळसा झाला. आणि मग टाळ्या पडल्या. थांबेचनात.”

आजी घरी आली तेव्हा आई चुलीजवळ रडत बसलेली. आईने सगळं सांगून टाकलं. आजी इतकी हसली की स्टेजचं कुंकू गालावर ओघळलं. आणि म्हणाली, “विठा, हे कुणाला सांगू नको. तुला नावं ठेवतील, एवढी शिकलेली सून आणि काय वाचलं बघा. माझं काय, मी अडाणी. माझ्या नावावर खपतंय.” भगवान मास्तरांनी दुसऱ्या प्रयोगाच्या आधी विचारलं तेव्हा आजीने त्यांनाही हात वर करून गप्प केलं. कुठल्या शब्दाने, ते सांगायला नको.

“आणि दुसऱ्या दिवशी ही आपली पाटी घेऊन आल्या. म्हणाल्या, कंस कसा काढतात दाखव. ‘अ’च्या आधी कंस शिकल्या त्या. सेहेचाळीसाव्या वर्षी. मग हळूहळू सगळं.”

म्हणजे पेपर वाचताना कवळी सैल होत नव्हती.

मी म्हटलं, “आणि मी काय काय लिहून बसले. भाषेवरची पकड.”

“म्हणून म्हटलं छापू नको. शब्द दिलेला त्यांना. तुला सांगणार नव्हते, तू लावलंस सांगायला.” मग पदराने तोंड पुसून, “मला राग नव्हता गं त्यांचा. त्या बाहेर जायच्या म्हणून मी घरात अडकले नव्हते. मी आत होते म्हणून त्या जायच्या. असंच ठरलेलं आमचं.”

मी माफी मागितली. नीट जमलं नाही. तिने माझ्या ओढणीला लोंबणारा धागा शोधला, पण नव्हता. तरी कटर फिरवला.

इतक्यात जिज्ञासा आली. मी घाईघाईने वही काढून म्हटलं, “आई, मगाचं सगळं परत म्हण, लिहून घेते.” आई हात मांडीवर ठेवून बसली. “काय होतं गं पहिलं? तुझी... नाही बाई, नाही आठवत.” मी पँट मांडीवर दिली, कटर हातात दिला. कट. “तुझी पाटी आण. आणि अशी भिऊ नको.”

जिज्ञासा म्हणाली, “मम्मा, माईचा चार्जर आहे तो!”

आई हसली. दहा दिवसांनी. आणि लगेच गंभीर झाली. माझ्या डोक्यात काय आलंय ते तिला माझ्याआधी कळतं. “काही विचारू नको मला,” म्हणाली. “मी स्टेज बघितलेलंपण नाही.”

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आई दळण आणायला गेली आहे. महेशला संध्याकाळपर्यंत सांगायचंय. लेख मी फाडला नाही, शीर्षक बदललं: ‘थांबून : जनाबाई आणि विठाबाई यांचा शब्द’. तो छापायचा की नाही, ते तीच ठरवेल. आजीने तिला सांगू नको म्हटलं होतं तिची चेष्टा होऊ नये म्हणून. आता चेष्टा करणारं कोण उरलंय? उरलेत ते टाळ्या वाजवणारे, आणि एक ढोलकीवाला.

तोंडाने विचारलं तर ती वाक्य पुरं होऊ देणार नाही. म्हणून पाटीवर लिहिलंय आणि पाटी पँटींच्या गठ्ठ्यावर ठेवली आहे, कटरच्या शेजारी. पुसली जाईल म्हणून इथेही उतरवून ठेवते. उत्तर मला माहीत आहे. चौसष्ट वर्षांत ती ज्या गोष्टीला पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणाली अशी एक आठवत नाही.

‘आई, रविवारी सखू तू कर. उभं राहायचं नाही. स्टेजवर आपली गॅलरी मांडू. मांडीवर पँट, हातात कटर, लोकांकडे बघायचंसुद्धा नाही. कौलाला काजळी मी फासते, भाकऱ्या मी करते, जळल्या तर जळल्या. तू नाही म्हणणार, माहीत आहे. पण हे मनात नको वाचूस. तेव्हा वाचलंस तसं वाच, मोठ्याने, एकही शब्द न सोडता. करशील का? (थांबून) हो.’